पडद्याआडून साखर मोजताना

अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज या लहानशा गावी, अँटिऑक कॉलेजच्या परिसरात, १९५० च्या सुमारास लेलँड क्लार्क हे जीवरसायनशास्त्रज्ञ रक्तात प्राणवायूचे बुडबुडे सोडणारे यंत्र बांधत होते. हृदय उघडून शस्त्रक्रिया करायची, तर तेवढा वेळ फुप्फुसांचे काम बाहेरून कुणीतरी सांभाळायला हवे होते. क्लार्क यांच्या यंत्रात काळपट रक्त शिरे आणि लालभडक होऊन बाहेर पडे. रंग डोळ्यांना दिसत होता; रक्तातला प्राणवायूचा दाब किती, हा आकडा मात्र त्यांच्याकडे नव्हता. याच त्रुटीवर बोट ठेवून एका नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला, अशी हकिकत या क्षेत्रात सांगितली जाते.

प्राणवायू मोजण्याची रीत तोवर अनोळखी नव्हती. प्लॅटिनमच्या तारेला सुमारे ०.६ व्होल्टचा ऋण दाब दिला, की तिच्या टोकाशी येणारा प्राणवायू इलेक्ट्रॉन घेतो आणि तारेतून अगदी बारीक विद्युतप्रवाह वाहू लागतो. प्राणवायू जास्त, तर प्रवाह जास्त. मिठाच्या पाण्यात हे छान चाले. रक्तात तार बुडवली की प्रथिने आणि पेशी तिच्यावर चिकटत आणि आकडा घसरत जाई. ४ ऑक्टोबर १९५४ रोजी क्लार्क यांनी तार आणि तिचा जोडीदार इलेक्ट्रोड असे दोन्ही पॉलिथिनच्या पातळ पडद्याआड बसवले. पॉलिथिनमधून वायू पार होतो, प्रथिने होत नाहीत. रक्त बाहेरच राहिले, प्राणवायू तेवढा आत आला आणि आकडा स्थिर झाला. १९५६ मध्ये त्यांनी हा इलेक्ट्रोड जगासमोर मांडला. आज जगभरच्या अतिदक्षता विभागांत रक्तातले वायू तपासणारी यंत्रे आहेत, त्यांतला प्राणवायूचा इलेक्ट्रोड क्लार्क यांच्याच नावाने ओळखला जातो.

शरीराच्या आत मोजमाप करण्याचा पुढचा इतिहास वाचताना नजर साहजिकच विद्युतमंडलांकडे जाते, कारण ती दरवर्षी लहान आणि स्वस्त होत गेली. पण कामे अडली ती पडद्यापाशी. आत काय येऊ द्यायचे आणि काय अडवायचे, हे ठरवणारा काही मायक्रॉन जाडीचा थर शरीराने किती दिवस चालू द्यायचा, या एका प्रश्नावर संशोधकांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या.

१९६२ पर्यंत क्लार्क अलाबामा विद्यापीठात आले होते. तिथले शल्यचिकित्सक चँप लायन्स यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी पुढची युक्ती सुचवली: प्राणवायूच्या इलेक्ट्रोडवर आणखी एक थर द्यायचा आणि त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम कोंडायचे. हे एन्झाइम अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीत सापडते. साठवणीतल्या कांद्याच्या सालीखाली जी काळी काजळी धरते, ती हीच बुरशी. डेन्मार्कमध्ये डेटलेव्ह म्युलर यांनी १९२८ मध्ये तिच्यातले हे एन्झाइम शोधले होते. ते ग्लुकोजला धरते, त्यासाठी प्राणवायू वापरते आणि मागे हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. म्हणजे प्राणवायू किती कमी झाला किंवा पेरॉक्साइड किती तयार झाले हे पाहिले, की साखर कळते. १९६७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टुअर्ट अपडाइक आणि जॉर्ज हिक्स यांनी एन्झाइम जेलमध्ये पक्के बसवून असा इलेक्ट्रोड प्रत्यक्षात करून दाखवला. मोजण्याचे तत्त्व इथेच पूर्ण झाले.

त्या काळात मधुमेही माणूस साखर कशी मोजत होता? लघवीला मुंग्या लागतात, हे मधुमेहाचे लक्षण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांना ठाऊक होते. विसाव्या शतकात मुंग्यांची जागा बेनेडिक्टच्या द्रावणाने घेतली. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. रंग निळाच राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाला, की पथ्य बिघडले. आपल्याकडच्या कित्येक घरांत ही नळी आणि दिवा औषधांच्या कपाटातच असे. पण रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर चढल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि उतरते तेव्हाही कळते ती काही तासांपूर्वीची गोष्ट. साखर धोकादायक रीतीने खाली गेली, तर नळी काहीच सांगत नसे.

रक्ताचा थेंब टाकून रंग पाहायची डेक्स्ट्रोस्टिक्स पट्टी १९६० च्या दशकाच्या मध्यात आली. तो रंग वाचणारे, सव्वा किलोच्या आसपास वजनाचे मीटर १९७० च्या सुमारास निघाले. अँटन क्लेमेन्स यांनी ते बनवले होते आणि ते डॉक्टरांसाठी विकले जात होते. त्याच क्लेमेन्स यांनी पुढे बायोस्टेटर उभा केला. खाटेशेजारी ठेवायचे हे अवजड यंत्र रुग्णाचे रक्त सतत थोडे थोडे ओढून साखर मोजी आणि त्यानुसार इन्सुलिन किंवा ग्लुकोज शिरेत सोडी. रुग्णालयात, माणसांच्या सततच्या देखरेखीखालीच ते चाले.

शरीराबाहेर रक्त काढण्याऐवजी मोजणारी वस्तूच आत ठेवावी, ही कल्पना त्याआधीच दुसऱ्या वाटेने पुढे येत होती. १९५७ मध्ये टेलिव्हिजनच्या जनकांपैकी एक असलेले व्लादिमिर झ्वोरिकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिळता येईल अशी रेडिओ-गोळी दाखवली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये मॅके आणि जेकबसन यांनीही तशीच गोळी प्रसिद्ध केली. आतड्यातला दाब बदलला की गोळीची रेडिओ लहर बदले आणि पोटावर धरलेला अँटेना ती ऐके. दहा वर्षांनी कार्टर कॉलिन्स यांनी डोळ्यात बसेल इतका छोटा दाबमापक केला. त्यात बॅटरी नव्हती. वेटोळे केलेल्या दोन बारीक तारा होत्या. दाबामुळे त्या जवळ आल्या की त्यांची अनुनादाची वारंवारता बदले आणि बाहेरून ती वाचता येई. संदेश बाहेर आणण्याचा प्रश्न असा बऱ्यापैकी लवकर सुटला.

शरीराला मात्र बाहेरची वस्तू आवडत नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो इपॉक्सीमध्ये ओतलेला होता आणि काही तासांतच बंद पडला. शरीराच्या आतले ऊबदार, खारट पाणी कुठल्याही फटीतून शिरते, आणि प्लास्टिकच्या थरातूनही वाफेच्या रूपाने हळूहळू झिरपते. पेसमेकर खऱ्या अर्थाने टिकाऊ झाले ते टायटॅनियमच्या हवाबंद डबीत बसल्यावर.

टायटॅनियमची ओळखसुद्धा एका मोजमापातून झाली, आणि ती अपघाताने. स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळकांडी बसवत. अस्थिमज्जेतले रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकातून पाहायचे, एवढाच त्यांचा हेतू. प्रयोग संपल्यावर महागडी नळकांडी काढून पुन्हा वापरायची होती. ती निघेनात. हाड धातूला थेट चिकटून वाढले होते. ब्रोनेमार्क यांनी आपल्या मूळ प्रयोगाचा विषय बाजूला ठेवून या चिकटण्याचा पाठपुरावा केला आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची दंतमुळे बसवली.

दुसऱ्या एका पदार्थाची परीक्षा युद्धाने घेतली. १९४० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश वैमानिक गॉर्डन क्लीव्हर यांच्या हरिकेन विमानाची पारदर्शक छत्री गोळ्यांनी फुटली आणि तिचे तुकडे त्यांच्या डोळ्यांत घुसले. छत्री पर्स्पेक्सची, म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेटची होती. लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आले, की हे तुकडे वर्षानुवर्षे डोळ्यात राहूनही तिथे दाह होत नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी याच पदार्थाचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले. सहव्यावसायिकांनी त्यांना अनेक वर्षे वेड्यात काढले. आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात भिंग बसवणे ही नित्याची गोष्ट आहे.

भिंग किंवा दंतमूळ यांना शरीराने सहन केले, की त्यांचे काम झाले. साखरेच्या सेन्सरचे तेवढ्याने भागत नाही. त्याला शरीराशी सतत देवघेव चालू ठेवावी लागते: ग्लुकोजचे रेणू त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत, प्राणवायूही पोहोचला पाहिजे. आणि नेमका हाच रस्ता शरीर बंद करते. सुई त्वचेखाली शिरल्यावर काही क्षणांतच रक्तातली प्रथिने तिच्यावर बसतात. मग पांढऱ्या पेशी येतात. त्यांच्यामागून मोठ्या भक्षक पेशी येतात आणि त्या ही वस्तू गिळायला पाहतात. ती गिळण्याजोगी नसली, की एकमेकींत विलीन होऊन राक्षसी पेशी बनतात. तिथे दाह चालू असेपर्यंत या पेशी स्वतःच आसपासचा प्राणवायू आणि ग्लुकोज खातात, त्यामुळे सेन्सरला भोवतालच्या शरीराऐवजी या गर्दीचेच माप मिळते. काही आठवड्यांत कोलॅजनची घट्ट पिशवी तयार होते. तिच्यात रक्तवाहिन्या फारशा नसतात. आतला सेन्सर शाबूत असतो, एन्झाइम जिवंत असते, पण बाहेरची साखर त्याच्यापर्यंत धड पोहोचत नाही.

१९८२ मध्ये ओसाका विद्यापीठात मोतोआकी शिचिरी यांच्या गटाने त्वचेखाली बसणारा सुईसारखा ग्लुकोज सेन्सर केला आणि तो अंगावर बाळगता येणाऱ्या इन्सुलिन पंपाला जोडला. बायोस्टेटरचे काम आता पट्ट्याला अडकवता येत होते. त्यांनी सेन्सरच्या टोकाला पॉलियुरेथेनचा पडदा दिला होता, आणि त्या पडद्याला क्लार्क यांच्या पॉलिथिनपेक्षा खूप जास्त कामे होती. ऊतींमधल्या द्रवात ग्लुकोज भरपूर असते आणि प्राणवायू त्याच्या मानाने फारच थोडा. पंगतीला शंभर जण बसावेत आणि वाढायला एकच माणूस असावा, तशी एन्झाइमची गत होते. किती जण बसलेत हे न कळता वाढप्याचा वेग तेवढा मोजला जातो. म्हणून पडद्याने ग्लुकोजला मुद्दाम अडवायचे आणि प्राणवायूला मोकळी वाट द्यायची. शिवाय पॅरासिटामोलसारखे औषधही रोखायचे, कारण तेही प्लॅटिनमवर प्रवाह निर्माण करते आणि तापासाठी एक गोळी घेतलेल्या माणसाची साखर कागदावर वाढलेली दिसते.

ही सगळी कामे करणारा पडदा जमू लागला, तरी शरीराची ती कोलॅजनची पिशवी काही हटेना. तेव्हा धंद्याने एक व्यवहारी तोडगा काढला: पिशवी बनायच्या आत सेन्सर काढून घ्यायचा.

जून १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केलेला मिनिमेड कंपनीचा पहिला सतत-मापक तीन दिवसांसाठी होता. रुग्णाला आकडे दिसत नसत. तीन दिवसांनी तो दवाखान्यात जाई, यंत्र संगणकाला जोडले जाई आणि डॉक्टर मागच्या बहात्तर तासांचा आलेख पाहत. बोट टोचून मधूनमधून आकडे भरावे लागत, ते वेगळेच. २००६ मध्ये आलेल्या डेक्सकॉमच्या पहिल्या सेन्सरचे आयुष्यही तीन दिवसांचे होते. पुढच्या वर्षी ते सात दिवसांवर गेले. या कंपनीची मुळे विस्कॉन्सिनमध्ये अपडाइक यांनी पुढे चालवलेल्या कामात आहेत. अपडाइक यांना खरे तर महिनोन्‌महिने आत राहणारा सेन्सर हवा होता आणि कुत्र्यांवर त्यांनी तो बराच काळ चालवलाही. बाजारात आधी पोहोचला तो फेकून द्यायचा सेन्सर.

टेक्सास विद्यापीठाचे अ‍ॅडम हेलर यांनी या साखळीतली एक कडीच काढून टाकली. रुमानियात जन्मलेले आणि नाझी छळातून बचावलेले हेलर विद्युतरसायनशास्त्रात मुरलेले होते. ऑस्मियमचे रेणू अडकवलेला एक मऊ पॉलिमर त्यांनी एन्झाइमभोवती विणला. एन्झाइमचे इलेक्ट्रॉन आता या पॉलिमरमधून थेट तारेत जाऊ लागले, त्यामुळे मोजमाप प्राणवायूच्या भरवशावर राहिले नाही. विद्युतदाबही कमी लागत असल्याने पॅरासिटामोलचा त्रास घटला. मुलगा इफ्रेम याच्याबरोबर त्यांनी १९९६ मध्ये थेरासेन्स ही कंपनी काढली. २००४ मध्ये ती अ‍ॅबटने घेतली. २०१४ मध्ये युरोपात आलेला फ्रीस्टाइल लिब्रे याच रसायनावर चालतो. दंडावर नाण्याएवढी चकती, त्वचेत सुमारे पाच मिलिमीटर शिरणारा केसासारखा तंतू, चौदा दिवसांचे आयुष्य, आणि कारखान्यातच जुळवून दिलेले माप, म्हणजे रोजच्या रोज बोट टोचण्याची गरज नाही. मात्र क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेणाऱ्याचा आकडा इथेही फुगू शकतो.

आत राहायचाच हट्ट धरणारेही होते. सॅन डिएगोत डेव्हिड गॉ यांनी २०१० मध्ये डुकरांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: एकात सेन्सर २२२ दिवस चालला, दुसऱ्यात ५२० दिवस. गॉ यांच्या उपकरणात दोन इलेक्ट्रोड होते, एक एन्झाइमसह आणि एक एन्झाइमविना. भोवतीचा प्राणवायू कमी-जास्त झाला तरी दोघांतला फरक साखर सांगत राही.

मेरीलँडच्या सेन्सिओनिक्सने तर एन्झाइमच सोडून दिले. त्यांच्या एव्हरसेन्सची कुपी जेमतेम १८ मिलिमीटर लांब. डॉक्टर दंडाच्या त्वचेखाली छोटा छेद देऊन ती सरकवतात. आत प्रकाश देणारा दिवा आणि बाहेर एक जेल, ज्यातले बोरॉनयुक्त रेणू ग्लुकोजला धरले की चमकतात. चमक मोजली की साखर कळते. त्वचेवर चिकटवलेला प्रक्षेपक बाहेरून ऊर्जा पुरवतो. कुपीचा देह पॉलिमिथिल मेथाक्रिलेटचा आहे, क्लीव्हर यांच्या डोळ्यांत गेलेल्या छत्रीचा आणि रिडलींच्या भिंगाचा तोच पदार्थ. तिच्याभोवती डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड हळूहळू सोडणारी सिलिकॉनची कडी असते. भोवतीचा दाह शांत ठेवणे एवढेच तिचे काम. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली ती ९० दिवसांसाठी, २०२२ मध्ये १८० आणि २०२४ मध्ये वर्षभरासाठी.

दाब मोजणाऱ्यांची वाट याहून सोपी निघाली. जॉर्जिया टेकमधून जन्मलेल्या कार्डिओमेम्सने २०१४ मध्ये मंजुरी मिळवली. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाच्या फुप्फुस-धमनीत हा सेन्सर कायमचा राहतो. त्यात बॅटरी नाही. कॉलिन्स यांच्या डोळ्यातल्या मापकाचेच तत्त्व, फक्त काचेसारख्या सिलिकाच्या कुपीत. रुग्ण घरी अँटेना असलेल्या उशीवर झोपतो आणि दाबाचा आकडा डॉक्टरांकडे जातो. ५५० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांत हृदय कमकुवत पडल्यामुळे दाखल होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले होते. धमनीतल्या या सेन्सरवरही शरीर आपल्या पेशींचा थर चढवते, पण दाब त्या थरातून पार होतो. रसायनाला हा मार्ग नाही. त्याचा रेणूच प्रत्यक्ष पोहोचावा लागतो. म्हणून दाबाचा सेन्सर आयुष्यभरासाठी बसतो आणि साखरेचा बहुतेक वेळा पंधरवड्यात बदलावा लागतो.

या पंधरवड्याची किंमत रुग्ण मोजतो. चौदा दिवसांचा सेन्सर वर्षभर लावायचा, तर २६ सेन्सर लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि यांतल्या बहुतेकांना हा खर्च खिशातूनच करावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे सेन्सरचा वेगळाच वापर रूढ झाला. लिब्रेची डॉक्टरांसाठीची आवृत्ती २०१५ च्या सुमारास भारतात आली. पुण्या-मुंबईचे मधुमेहतज्ज्ञ ती वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी लावायला सांगतात. चौदा दिवसांत भाकरी किती चढवते, पोहे किती आणि रात्रीची गोळी पहाटे साखर किती पाडते, हे आलेखावर पाहून औषध आणि आहार ठरतो. उरलेले दिवस रुग्ण पट्टी आणि मीटरवरच काढतो.